गावाचा आराखडा ग्रामसभेतच व्हावा

(ग्रामपंचायत सदस्य, बचत गटांतील भगिनी व ग्रामविकासाचे काम करणारे कार्यकर्ते यांच्यासाठी मराठवाड्यात झालेल्या एका अभ्यासवर्गातील समारोपाच्या भाषणाचे संपादित शब्दांकन.)



दोन दिवसांच्या या वर्गात आपण कायदा ऐकला, योजनांची माहिती घेतली, शासकीय परिपत्रकेही चाळली. आता समारोपात नवी माहिती देण्याऐवजी मी एका प्रश्नापासून प्रारंभ करतो. आपल्या गावाचा विकास आराखडा आपणांपैकी किती जणांनी स्वतः वाचला आहे? हात वर करू नका, मनातल्या मनात उत्तर द्या. हा प्रश्न प्रथम मला स्वतःला विचारावा लागला, तेव्हा माझी मान खाली गेली होती.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. माझ्या परिचयाच्या एका गावात १५ ऑगस्टच्या ग्रामसभेला मी बसलो होतो. ध्वजवंदन झाले, मुलांना खाऊ वाटला गेला आणि शाळेच्या व्हरांड्यात सभा सुरू झाली. मोजून बावीस माणसे होती. त्यातली सात-आठ खाऊ संपेपर्यंत थांबलेली मुले. पुढील वर्षाचा आराखडा तीन मिनिटांत वाचून झाला. वेशीवर कमान, मंदिरासमोर पेव्हर ब्लॉक, सभागृहाची रंगरंगोटी आणि आणखी दोन-तीन कामे. ‘मंजूर?’ असा प्रश्न आला आणि ‘मंजूर’ असे उत्तरही त्याच तोंडून आले. तेवढ्यात मागच्या खांबाला टेकून बसलेली मातंग वस्तीतील एक वृद्धा उठली आणि म्हणाली, “कमान बांधा की सायेब, आमी कुठं नको म्हनतो? पर त्या कमानीतून पानी येनार हाय का आमच्या वस्तीला?”

सभेत हशा पिकला. मीही हसलो. रात्री घरी परतल्यावर मात्र ते हसू टोचू लागले. त्या वस्तीवरचा हातपंप उन्हाळ्यापासून बंद होता. हे गावातील सर्वांना ठाऊक होते, मलाही ठाऊक होते; केवळ आराखड्याला ठाऊक नव्हते. त्या आजीच्या प्रश्नात ग्रामनियोजनाचे सारे शास्त्र सामावले आहे, असे मला आज वाटते. त्याच प्रश्नाच्या प्रकाशात आपण थोडा विचार करू.

परंपरा आणि तिचे अपुरेपण

ग्रामस्वराज्य ही आपल्या देशाला परकी कल्पना नाही, हे आपण अभिमानाने सांगतो. तमिळनाडूतील उत्तरमेरूर येथील मंदिराच्या भिंतींवर चोळ राजा पहिला परांतक याच्या काळातील, इसवी सनाच्या दहाव्या शतकाच्या प्रारंभीचे शिलालेख आहेत. गावाचे तीस विभाग, प्रत्येक विभागातून चिठ्ठ्या टाकून केलेली निवड, तलावासाठी आणि बागांसाठी वेगवेगळ्या समित्या, अशी तपशीलवार व्यवस्था तेथे कोरलेली आहे. त्यातील एक नियम आपण सर्वांनी लक्षात ठेवण्यासारखा आहे. पूर्वी समितीवर असताना ज्याने हिशेब सादर केला नाही, तो आणि त्याचे जवळचे आप्त निवडीस अपात्र ठरत. हजार वर्षांपूर्वी आपल्या पूर्वजांनी हिशेबाची अट दगडावर कोरून ठेवली, आणि आज आपण ग्रामपंचायतीच्या फलकावर जमाखर्च लिहायला कुरकुर करतो!

परंतु अर्धे सत्य सांगून थांबणे योग्य नाही. त्याच शिलालेखात उमेदवाराला जमीन, स्वतःचे घर आणि वेदाध्ययन यांची अट आहे. म्हणजे ती सभा सर्वांची नव्हती. आपल्याकडच्या गावगाड्यातही पाटील, कुलकर्णी आणि बलुतेदार यांची परस्परावलंबी व्यवस्था होती, तशीच वेशीबाहेर ठेवलेली वस्तीही होती. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीत खेड्याच्या संकुचितपणावर आणि जातीयतेवर कठोर टीका केली, ती या अनुभवातून. ती अनेकांना झोंबली. पुढे त्याच महिन्यात, २२ नोव्हेंबरला, ग्रामपंचायतींच्या संघटनाविषयीची तरतूद समितीने स्वीकारली आणि ती आज राज्यघटनेचे ४० वे कलम म्हणून आपल्यासमोर आहे. मी या दोन घटनांकडे विरोध म्हणून पाहत नाही. कलम ४० हा गावावर टाकलेला विश्वास आहे आणि बाबासाहेबांची टीका ही त्या विश्वासाची परीक्षा आहे. गावाने स्वतःच्या वर्तनाने त्या टीकेला उत्तर द्यायचे आहे. ते उत्तर अजून पुरते दिले गेलेले नाही, हे हिंदू समाजाचे संघटन करू इच्छिणाऱ्या आपण तरी मोकळेपणाने मान्य केले पाहिजे.

अधिकार आले, निधी आला; नियोजन कुठे आहे?

महाराष्ट्राने या क्षेत्रात पूर्वीच पाऊल टाकले. वसंतराव नाईक समितीच्या शिफारशींनंतर १ मे १९६२ रोजी राज्यात जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्या. ७३ वी घटनादुरुस्ती २४ एप्रिल १९९३ पासून लागू झाली आणि अकराव्या अनुसूचीत २९ विषय पंचायतींसाठी नमूद झाले. शेती, लघुसिंचन, पिण्याचे पाणी, सामाजिक वनीकरण, प्राथमिक शिक्षण, दारिद्र्यनिर्मूलन – गावाच्या जीवनातील क्वचितच एखादा विषय त्या यादीबाहेर राहिला असेल.

दीर्घकाळ आपली तक्रार एकच होती, की विषय दिले पण पैसा दिला नाही. चौदाव्या वित्त आयोगाने २०१५ ते २०२० या पाच वर्षांसाठी देशातील ग्रामपंचायतींना दोन लाख कोटी रुपयांहून अधिक अनुदानाची शिफारस केली आणि ती तक्रार बरीच क्षीण झाली. पंधराव्या आयोगाने २०२१ ते २०२६ या कालावधीसाठी ग्रामीण स्थानिक संस्थांकरिता दोन लाख छत्तीस हजार कोटींहून अधिक रकमेची शिफारस केली आणि त्यातील ६० टक्के भाग पाणी व स्वच्छता यांसाठी बांधून दिला. राज्यात ‘आमचा गाव, आमचा विकास’ या नावाने गावाने स्वतःचा आराखडा करावा, अशी पद्धत सुरू झाली. गावफेरी, शिवारफेरी, गटचर्चा, महिलांची सभा, प्रश्नांचा अग्रक्रम आणि शेवटी ग्रामसभेची मान्यता, असा क्रम त्यात सांगितला आहे. कागदावर ही पद्धत उत्तम आहे. कोणत्याही समाजसंघटकाला याहून चांगली पद्धत सुचणार नाही.

प्रत्यक्षात काय घडते? अनेक गावांत आराखडा तालुक्याच्या ठिकाणी संगणकावर जन्म घेतो. मागील वर्षाच्या यादीतील आकडे बदलतात, कामांची नावे तीच राहतात. गावफेरीचे छायाचित्र काढले जाते, फेरी निघत नाही. चार चांगल्या कामांची यादी ठेकेदाराच्या सोयीने तयार होते, कारण कमान आणि पेव्हर ब्लॉक यांचे मोजमाप सोपे असते, ओढ्याच्या खोलीकरणाचे किंवा अंगणवाडीतील कुपोषणाचे कठीण असते. ग्रामसभेला गणपूर्ती हवी ती मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० यांपैकी जी संख्या कमी असेल ती. तेवढीही माणसे जमत नाहीत. सभा तहकूब होते आणि तहकूब सभेला गणपूर्तीचे बंधन नसल्याने चार डोकी गावाचे वर्षभराचे भवितव्य ठरवून मोकळी होतात.

यात केवळ ग्रामसेवकाला दोष देऊन भागणार नाही. एकेका ग्रामसेवकाकडे एकापेक्षा अधिक गावांचा भार असतो. सरपंचाला दोष देऊनही भागणार नाही. आपण सभेला गेलो नाही, हा मूळ दोष आहे. उत्सवाच्या वर्गणीचा हिशेब मागताना आपला आवाज चढतो आणि लाखो रुपयांच्या आराखड्यासमोर आपण गप्प बसतो.

तीन गावे, तीन धडे

निराश होण्याचे मात्र कारण नाही. आपल्याच राज्यात वेगळ्या वाटेने गेलेली गावे आहेत. त्यांतील तीन गावांविषयी सांगतो. त्यांच्या यशाच्या कथा आपण ऐकलेल्या असतील. मला त्यांच्या निर्णयपद्धतीकडे लक्ष वेधायचे आहे.

पहिले गाव अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरे बाजार. पर्जन्यछायेतील हे गाव एके काळी दुष्काळ, दारू आणि स्थलांतर यांनी पोखरले होते. १९८९ च्या सुमारास गावाने पोपटराव पवार या सुशिक्षित तरुणाकडे सरपंचपद सोपविले. श्रमदान, कुऱ्हाडबंदी, चराईबंदी, पाणलोटाची कामे, हा इतिहास सर्वांना माहीत आहे. २०२० मध्ये त्यांना पद्मश्रीही मिळाली. मला अधिक महत्त्वाचा वाटतो तो तेथील पाण्याचा ताळेबंद. पाऊस किती पडला, जमिनीत किती मुरला, माणसांना आणि जनावरांना किती लागेल, शेतीला किती उरते, याचा हिशेब गावासमोर मांडला जातो आणि त्यावरून पिके ठरतात. शेतीसाठी कूपनलिका नको, उसासारखी तहानलेली पिके नकोत, हे बंधन गावाने स्वतःवर घालून घेतले. पाणी अडविणारी गावे पुष्कळ झाली, अडविलेले पाणी वाटून घेण्याचा नियम करणारी थोडी. ज्यांनी केवळ बंधारे बांधले, त्यांच्या शिवारात दोन वर्षांत पन्नास नव्या कूपनलिका झाल्या आणि तिसऱ्या वर्षी टँकर परत आला. नियोजन म्हणजे कामांची यादी नव्हे. स्वतःच्या हव्यासाला गावाने घातलेली मर्यादा म्हणजे नियोजन, हा हिवरे बाजारचा धडा आहे.

दुसरे गाव धुळे जिल्ह्याच्या साक्री तालुक्यातील बारीपाडा. वनवासी कल्याण आश्रमाच्या कार्यामुळे हे नाव आपल्या परिवाराला जवळचे आहे. डोंगर उघडे पडले होते, पाण्यासाठी भगिनींना पायपीट करावी लागत होती. चैत्राम पवार या एम. कॉम. झालेल्या तरुणाने नोकरीची वाट न धरता गावातच राहायचे ठरविले. वृक्षतोडीला बंदी, मोडणाऱ्याला दंड आणि जंगलाची राखण, हे नियम गावाने केले आणि गावानेच पाळले. चारशे हेक्टरांच्या आसपास जंगल असे राखले गेले. २००४ पासून तेथे वनभाज्यांची स्पर्धा भरते. रानातील भाज्या ओळखणाऱ्या आणि रांधणाऱ्या भगिनींच्या ज्ञानाला तिने प्रतिष्ठा दिली. चैत्रामभाऊंना २०२५ मध्ये पद्मश्री जाहीर झाली. बारीपाड्याचा धडा असा, की गावाजवळ काय नाही याची यादी करण्याआधी गावाजवळ काय आहे याची यादी करावी. आपल्या आराखड्याचा प्रारंभ बहुधा मागण्यांनी होतो. त्यांचा प्रारंभ ठेव्याने झाला.

तिसरे गाव गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा). हे गोंड समाजाचे लहानसे गाव. तेथील चळवळीची वैचारिक परंपरा सर्वोदयाची आहे, आपली नाही. परंतु चांगले जेथे असेल तेथून घ्यावे, ही आपलीच शिकवण आहे. देवाजी तोफा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तेथे दोन गोष्टी रुजविल्या. निर्णय बहुमताने न करता सर्वसहमतीने करायचा आणि निर्णयापूर्वी अभ्यासगटात त्या विषयाचा अभ्यास करायचा. एकाचाही विरोध असेल तर चर्चा चालू राहते, सभा पुढच्या वेळी पुन्हा बसते. वेळ लागतो, पण निर्णय झाल्यावर तो मोडायला कोणी उरत नाही. २००९ मध्ये या गावाला सुमारे १,८०० हेक्टर वनावर सामूहिक हक्क मिळाला, तो पेलण्याची शक्ती या सवयीतून आली होती.

शेवटचे घर

पंडित दीनदयाळ उपाध्याय यांनी एप्रिल १९६५ मध्ये मुंबईत एकात्म मानवदर्शनाची मांडणी करणारी व्याख्याने दिली. अंत्योदय हा शब्द आपण त्यांच्याकडून घेतला. हा शब्द व्यासपीठावर उच्चारणे सोपे आहे. गावाच्या आराखड्यात त्याचा अर्थ अगदी रोखठोक होतो. ग्रामपंचायतीच्या स्वतःच्या उत्पन्नातील १५ टक्के रक्कम मागासवर्गीयांच्या कल्याणासाठी, १० टक्के महिला व बालकल्याणासाठी आणि ५ टक्के दिव्यांगांसाठी खर्च करावयाची असते. आपल्या गावात ती झाली का? कशावर झाली? मागासवर्गीय वस्तीच्या नावाने केलेला रस्ता प्रत्यक्षात कोणाच्या मळ्याकडे जातो? हे प्रश्न विचारणे म्हणजे अंत्योदय. समरसतेच्या कार्यक्रमात आपण सहभोजन करतो, ते अवश्य करावे. पण पंगत उठल्यावर वस्तीतील माणूस पाण्यासाठी पुन्हा अर्धा कोस चालत जाणार असेल, तर त्या भोजनाचा घास त्याला कसा लागत असेल?

भगिनींच्या संदर्भातही असेच आहे. महाराष्ट्रात २०११ पासून पंचायतींमध्ये निम्म्या जागा महिलांसाठी राखीव आहेत. नियमित ग्रामसभेपूर्वी महिलांची स्वतंत्र सभा घेण्याची तरतूद कायद्यातच आहे. पण खुर्चीवर ‘सरपंचपती’ बसतात आणि महिलांच्या सभेच्या नोंदवहीवर सह्या घरोघरी फिरून गोळा होतात. ही गोष्ट इतरांच्या घरातच घडते, असे समजू नका. या सभागृहात जे बंधू पत्नीच्या जागी आलेले आहेत, त्यांनी पुढच्या वर्गाला तिला पाठवावे आणि घरी राहून चूल सांभाळावी, एवढीच माझी प्रेमाची सूचना आहे.

बिनविरोध म्हणजे एकमत नव्हे

एका विषयावर सावधगिरीचे दोन शब्द. बिनविरोध निवडणूक झाली की आपण त्या गावाचे अभिनंदन करतो. गावाचा पैसा आणि मनःस्वास्थ्य वाचले तर ते स्वागतार्हच आहे. परंतु जानेवारी २०२१ मध्ये नाशिक आणि नंदुरबार जिल्ह्यांतील दोन गावांत पदांचा लिलाव झाल्याचे उघड झाले आणि राज्य निवडणूक आयोगाला तेथील निवडणूक रद्द करावी लागली. बोली देवळाच्या जीर्णोद्धारासाठी लागली म्हणून ती पवित्र होत नाही. जो पद विकत घेतो, तो पुढे ते वसूल करतो. सर्वांशी बोलून साधलेले एकमत आणि धनवानाने मिटविलेली तोंडे यांतील भेद आपल्या कार्यकर्त्याला ओळखता आला पाहिजे.

दुसरी बाब वरच्या स्तराची. राज्यातील बहुतेक जिल्हा परिषदा व पंचायत समित्यांची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि आरक्षण व प्रभागरचना यांच्या वादात कारभार वर्षानुवर्षे प्रशासकांच्या हाती राहिला. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला निवडणुका घेण्याचे निर्देश द्यावे लागले. सत्ता कोणाची होती, हा येथे मुद्दा नाही. सर्वच पक्षांच्या सरकारांनी या काळात राज्य केले. मुद्दा हा, की तीन वर्षे गावाचा आणि जिल्ह्याचा दुवा तुटलेला असताना समाजाला त्याची फारशी उणीव भासली नाही. ज्या संस्थेच्या अनुपस्थितीने आपण अस्वस्थ होत नाही, ती आपली झालेलीच नसते.

कार्यकर्त्याने काय करावे?

नानाजी देशमुख मराठवाड्याचे सुपुत्र, हिंगोली जिल्ह्यातील कडोळी गावचे. साठीच्या उंबरठ्यावर त्यांनी सत्तेचे राजकारण सोडले, गोंडा जिल्ह्यात आणि पुढे चित्रकूटमध्ये ग्रामविकासाला वाहून घेतले. गावागावांत राहणारी समाजशिल्पी दाम्पत्ये आणि तंटे गावातच मिटविण्याचा प्रयत्न, ही त्यांच्या कामाची वैशिष्ट्ये. २०१९ मध्ये त्यांना मरणोत्तर भारतरत्न मिळाले. त्यांच्यासारखे सर्वस्व देणे सर्वांना शक्य नाही. परंतु वर्षातून चार ग्रामसभांना जाणे शक्य आहे. म्हणून तीन कामे सुचवितो.

पहिले काम दप्तर वाचण्याचे. नमुना १ म्हणजे अंदाजपत्रक, नमुना ५ म्हणजे रोकडवही, नमुना ८ म्हणजे कर आकारणीची नोंदवही. एवढी तीन दप्तरे वाचता आली तरी गावाचे अर्धे आजार कळतात. दप्तर मागताना सूर आरोपाचा नसावा. आपल्या घरची वही आपण पाहतो, त्या भावनेने पाहावी. आणि आधी स्वतःची घरपट्टी, पाणीपट्टी भरून मग कार्यालयाची पायरी चढावी.

दुसरे काम शिवारफेरीचे. पावसाळ्यात एकदा आणि एप्रिलमध्ये एकदा, असे दोन वेळा संपूर्ण शिवार पायी फिरावे. पाणी कोठून येते, कोठे निसटते, हे पावसाळ्यात दिसते. कोणाची घागर कोठपर्यंत जाते, हे उन्हाळ्यात दिसते. या दोन फेऱ्यांनंतर आराखड्यातील अग्रक्रम सांगायला तज्ज्ञ लागत नाही.

तिसरे काम शेवटच्या घरापासून प्रारंभ करण्याचे. ग्रामसभेच्या आदल्या संध्याकाळी सर्वांत दूरच्या वस्तीवर जावे. भाषण करू नये, ऐकावे. दुसऱ्या दिवशी त्या माणसांना बरोबर घेऊन यावे आणि पुढे बसवावे. त्यांच्या वतीने आपण बोलू नये. त्यांना बोलता यावे एवढे आपण बाजूला सरावे.

त्या वस्तीचे पुढे काय झाले?

आजीच्या प्रश्नाचे पुढे काय झाले, हे सांगून थांबतो. त्या रात्रीनंतर आम्ही चौघे-पाच जण वस्तीवर जाऊ लागलो. पहिल्या दोन खेपांना आमच्याशी कोणी धड बोलले नाही. ‘निवडणूक आली का?’ एवढेच एकाने विचारले. आम्ही विश्वास गमावलेली माणसे होतो. पुढच्या ग्रामसभेला वस्तीतून एकोणीस जण आले, त्यात अकरा भगिनी होत्या. नळवाहिनीचा ठराव झाला, नंतर तो कागदांत अडकला, त्याचा पाठपुरावा करताना तालुक्याला किती खेपा घातल्या ते आता आठवतही नाही. चौदा महिन्यांनी वस्तीवर दोन नळ आले. कमानही झाली, लोकवर्गणीतून झाली आणि त्या वर्गणीत वस्तीतील घरांनीही आपापली रक्कम दिली.

नळाला पाणी आले त्या दिवशी आम्ही आजींना नारळ फोडायला सांगितला. त्यांनी नारळ हातात घेतला, आमच्याकडे पाहिले आणि म्हणाल्या, “आता दर साली यायचं बरं का सभंला. नळाला पानी आलं म्हून इसरू नगा.”

बंधुभगिनींनो, राष्ट्राच्या परमवैभवाची प्रार्थना आपण नित्य करतो. त्या वैभवाचा एक छोटासा भाग आपल्या गावच्या पुढच्या ग्रामसभेत, त्या शाळेच्या व्हरांड्यात ठरणार आहे. तेथे आपली जागा रिकामी राहू नये, एवढीच विनंती करतो आणि आपली रजा घेतो.

भारत माता की जय!